रात्र कुठल्या तारखेची?

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. फोनवर आमचा विमानतळावर पाठवलेला मुलगा. "ताई, सोळाही जण हॉटेलात आलेत. पण काउंटरवाले म्हणतायत, तुमच्या खोल्या उद्यापासून आहेत."

"उद्या म्हणजे?"

"बारा तारखेपासून."

"अरे, आज बाराच आहे ना?"

तो थोडा थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ते म्हणतात, हॉटेलात अजून अकराच आहे."

लग्नाला बाहेरगावाहून येणाऱ्या पाहुण्यांचा प्रवास आणि मुक्काम सांभाळणं हे माझं काम. खोल्यांचा गठ्ठा धरून ठेवायचा, कोण कुठल्या विमानाने किंवा गाडीने येतंय ते लिहून घ्यायचं, आणायला गाड्या पाठवायच्या, कुणाला कुणाशेजारी ठेवायचं आणि कुणाला मुळीच ठेवायचं नाही ते यजमानांना हळूच विचारून घ्यायचं. त्या लग्नाची माणसं होती एकशेदहा. मी त्याच हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर झोपले होते. केस बांधत जिन्याने खाली आले, कारण लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता.

लॉबीत बॅगांचा ढीग आणि त्याभोवती सोळा थकलेले चेहरे. तीन म्हातारी माणसं, दोन जोडपी लहान मुलांसह, बाकी तरुण मंडळी. ड्यूटी मॅनेजरने माझीच यादी माझ्यापुढे सरकवली. आठ खोल्या, आगमन १२, निर्गमन १६. खाली सही माझी.

विमान उतरलं होतं १२ तारखेला रात्री १२ वाजून ३५ मिनिटांनी. म्हणजे आगमन १२, यात खोटं काहीच नव्हतं. पण हॉटेल तारखा विकत नाही, रात्री विकतं. त्यांच्या लेखी "१२" म्हणजे १२च्या दुपारी दोनला सुरू होणारी आणि १३च्या सकाळी संपणारी रात्र. आमच्या पाहुण्यांना जी रात्र झोपायला हवी होती ती ११ची, आणि ११ला हॉटेल शिगोशीग भरलेलं. कुठल्याशा परिषदेची माणसं सकाळी निघणार होती, मग त्यांच्याच खोल्या साफ होऊन दुपारी आम्हाला मिळणार होत्या.

सगळ्यात लागलं ते दुसरंच. पाहुण्यांनी भरून दिलेल्या त्याच फॉर्मवरून गाड्यांची यादी माझ्या सहकाऱ्याने केली होती, विमानाची वेळ बघून. त्यामुळे गाड्या मिनिटाला मिनिट हजर होत्या. खोल्यांची यादी मी केली, तारखेच्या रकान्यावरून. आम्ही पाहुण्यांना बिनचूक आणून लॉबीत उभं केलं होतं. आणि त्या सोळांपैकी एका मुलाने आगमनापुढे ११ लिहिलं होतं. कदाचित निघण्याची तारीख म्हणून लिहिली असेल, कदाचित त्याला खरंच कळलं असेल. मी ती खोडून १२ केली होती. विमान १२ला उतरतंय, बाकी पंधरा जणांनी १२ लिहिलंय, याचंच चुकलं असणार!

अशा वेळी काउंटरवर आवाज चढवणारे मी पुष्कळ पाहिलेत. खोली त्याने निघत नाही. मी मॅनेजरला एकच विचारलं, "नाइट ऑडिट झालं का?"

हॉटेलची तारीख घड्याळात बारा वाजले म्हणून बदलत नाही. रात्री कधीतरी, बहुतेक ठिकाणी एक ते तीनच्या दरम्यान, दिवसभराचा हिशेब बंद करतात आणि मगच संगणकात पुढची तारीख उजाडते. ज्यांचं बुकिंग होतं पण जे आलेच नाहीत ते त्या वेळी नो-शो ठरतात. तोपर्यंत ११ जिवंत असते, आणि ११ला कोण आलेलं नाही हे पडद्यावर दिसत असतं. मॅनेजरच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. "अजून नाही," तो म्हणाला, आणि पडदा माझ्याकडे वळवला.

न आलेली बुकिंगं तीन. दोन परिषदवाल्यांची, पैसे भरलेली. त्यांना हात लावायचा नाही. तिसरं नाव बघून माझ्या पोटात गोळा आला. ते आमचेच होते, नवऱ्या मुलाचे मामा.

मामांनी स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं काढली होती. पहिलं विमान रखडलं, दुसरं त्यांना सोडून निघून गेलं. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असते तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असती. इथे दुसऱ्या कंपनीचा पहिल्या विमानाशी संबंधच नव्हता. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांना लगेच त्या कंपनीला कळवायला लावलं होतं, कारण जातानाचा टप्पा न सांगता चुकवला की परतीचं तिकीटही बहुतेक वेळा आपोआप रद्द होतं. विमान कंपनीचं मला आठवलं. हॉटेलला कळवायचं मात्र मी विसरले होते! पहिल्या रात्री नो-शो लागला की पुढच्या सगळ्या रात्रीही जाऊ शकतात. तासाभराने ऑडिट झालं असतं आणि मामा सकाळी अकराला येऊन माझ्यासारखेच काउंटरवर उभे राहिले असते.

म्हणजे सोळा जण असे अडकले म्हणून मामांची खोली वाचली. "उशिरा येणार, रद्द करू नका" असं लिहून घेतलं, आणि ती रात्र मामांच्या वतीने तिन्ही म्हाताऱ्या माणसांना देऊन टाकली. जादा पलंग टाकला.

मग शोधाशोध. एक खोली ११पासून आम्ही कपडे आणि भेटवस्तू ठेवायला घेतली होती. खोकी एका भिंतीला रचली, तिथे एक जोडपं मुलाबाळांसह. माझी खोली दुसऱ्या जोडप्याला. हाउसकीपिंगच्या यादीत एक खोली बंद दाखवत होते. मी विचारलं, "बंद म्हणजे नक्की काय बंद?" एसी. छप्पर गळत नव्हतं, नळाला पाणी होतं. तीन मुली म्हणाल्या, आम्हाला चालेल. हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक हॉटेलात विचारते. "बंद" या एका शब्दाखाली टीव्ही न चालण्यापासून जमीन उखडलेली असण्यापर्यंत काहीही असतं. उरलेल्या मुलांना मॅनेजरने बैठकीची छोटी खोली उघडून दिली. गाद्या आल्या, पत्ते निघाले, आणि माझ्या मते ती मुलं त्या रात्री सगळ्यात मजेत होती.

म्हाताऱ्या मंडळींत एक आजी होत्या. मी त्यांची बॅग उचलून खोलीपर्यंत गेले आणि माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, "अगं, तू तारीख विचारलीस, आम्ही तारीख सांगितली. झोप कधी येणार ते कुणी विचारलंच नाही." आणि दिवा बंद करायला सांगितला.

साडेतीनला लॉबीतल्या सोफ्यावर बसले. झोप उडालेलीच होती, म्हणून यादी पुन्हा काढली. आगमनाच्या रकान्यात हे झालं, तर निर्गमनाच्या रकान्यात काय असेल? मध्यरात्रीनंतरच्या वेळा तेवढ्या शोधल्या. दोन कुटुंबं सापडली. विमान १६ तारखेचं, वेळ ००:२०. लग्न १५च्या संध्याकाळी.

म्हणजे त्यांना १५च्या रात्री नऊच्या आत हॉटेल सोडायला हवं होतं. भर लग्नातून.

सात वाजेपर्यंत कशीबशी कळ काढली आणि पहिल्या कुटुंबाला फोन केला. "काका, तुमचं परतीचं विमान कधी?" "सोळाला. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी निवांत आवरू आणि रात्री निघू." मी म्हटलं, "काका, ते विमान सोळाच्या रात्री नाही. पंधराची रात्र सरते ना, तेव्हा आहे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग मागून काकूंचा आवाज, "मी म्हणत नव्हते?" ही चूक हॉटेलच्या चुकीपेक्षा कितीतरी वाईट. खोली नसली तर लॉबी तरी असते. सोळाच्या रात्री विमानतळावर गेले असते तर विमान जाऊन जवळजवळ चोवीस तास झालेले असते. तिकिटावर २४ तासांचं घड्याळ असतं ते गोंधळ टाळायलाच, आणि टळतोही, एक ००:२० सोडून.

त्या कुटुंबाने पैसे भरून तिकीट बदललं. दुसऱ्यांना बदलाचा खर्च झेपणारा नव्हता, त्यांनी लग्नातून लवकर निघायचं ठरवलं.

माझ्या फॉर्मवर आता आगमनाची तारीख हा रकानाच नाही. त्याऐवजी असतं, "पहिली रात्र कुठल्या दोन तारखांच्या मधली?" आणि विमानाचा क्रमांक. लोक वैतागतात. एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं, "हा प्रश्न बुद्धिमापन चाचणीतला आहे का?" हॉटेलला मी कुठल्या तारखेला खोली चालू ठेवायची ते लिहिते आणि पुढे "पाहुणे मध्यरात्रीनंतर येतील, नो-शो करू नये". आदल्या रात्रीचे पैसे भरावे लागतात. यजमान कुरकुरतात की माणूस चार तास झोपणार आणि पैसे पूर्ण रात्रीचे. मी त्यांना लॉबीतल्या आजींची गोष्ट सांगते.

१५ला रात्री पावणेनऊला ते दुसरं कुटुंब लग्नाच्या कपड्यांतच बॅगा ओढत गाडीपाशी आलं. आत गाणी चालू होती. दहा-बारा वर्षांचा त्यांचा मुलगा फुगून बसला होता. "आज पंधरा आहे ना? मग सोळाचं विमान आज कसं?"

मी तोंड उघडलं, हॉटेलची तारीख, विमानाची तारीख, रात्र, मध्यरात्र सगळं जिभेवर आलं.

"बस गाडीत," मी म्हटलं.