खानदेशातला उन्हाळा धरून पहिला पीसी

सुटे भाग घेऊन पीसी जोडताना पैसे वाचवायचे तर ग्राफिक्स कार्डावर वाचवा, पॉवर सप्लायवर नको. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, वेगळं कार्ड लागत नाही. सीलबंद डब्याचाच घ्या, सुट्या प्रोसेसरसोबत कूलर मिळत नाही.

रॅम १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. हे ग्राफिक्स रॅमच वापरतं. एकाच पट्टीवर बँडविड्थ (डेटाची ये-जा करण्याची क्षमता) निम्मी होते आणि गेम अडखळतात. रॅमचे चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून बहुधा दुसरा आणि चौथा, तरी मॅन्युअल बघाच. बी४५० मदरबोर्ड स्वस्त पडतो, पण जुन्या साठ्यातला असेल तर त्यातलं बायोस (पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) हा प्रोसेसर ओळखत नाही: पंखे फिरतात, पडदा काळाच. दुकानातच अपडेट करून मागा.

साठवणीला एसएसडी ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), पुरे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. समोर बंद काच असलेली कॅबिनेट दिसते छान, आत मात्र भट्टी. जाळीची घ्या, पुढचा पंखा हवा आत ओढणारा, मागचा बाहेर फेकणारा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी प्लगची अर्थिंग तपासून घ्या. पॉवर सप्लाय बहुतेक वेळा निर्दोष असतो.