झोर्की-४ आणि नागपूरचे ऊन : होळीपासून मारबतीपर्यंतची नोंद

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावरील (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून अंतर ठरवणाऱ्या कॅमेऱ्यावरील) माझ्या कामाची ही नोंद होळीपासून मारबतीपर्यंतच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या मिरवणुकीपर्यंतच्या, काळाची आहे. कॅमेरा तोच, झोर्की-४; लेन्स तीच, ५० मिलिमीटरची ज्युपिटर-८; फिल्म बहुतेक वेळा इल्फर्डची एचपी-५ प्लस आणि भर उन्हाळ्यात एफपी-४ प्लस. या काळात रेंजफाइंडर नीट जुळवून झाला, प्रकाशमापक घरी ठेवून बाहेर पडण्याइतका उन्हाचा अंदाज पक्का झाला आणि घरचे डेव्हलपिंग मे महिन्यातही बिनघोर करता येऊ लागले. हे करताना यांत्रिक रेंजफाइंडरची गोडी कशात आहे, हेही मला अधिक स्पष्टपणे कळू लागले आहे. या कॅमेऱ्यात अंतर, लेन्सचे छिद्र आणि शटरचा वेग यांचे सगळे निर्णय आधीच उरकून घेता येतात. प्रसंग समोर आला की पाहणे आणि बटण दाबणे एवढेच काम उरते.

ज्यांनी हा कॅमेरा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी त्याची कुळकथा थोडक्यात सांगतो. वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका १९२५ साली बाजारात आला आणि लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर त्यात १९३२ च्या लायका-२ पासून आला. खारकीव्हमध्ये १९३४ पासून त्याच धर्तीवर फेड बनू लागला आणि युद्धानंतर, १९४८ साली, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झोर्की बनू लागला. झोर्की-४ हे १९५६ सालचे मॉडेल असून ते १९७३ पर्यंत लाखोंच्या संख्येने तयार झाले. ज्युपिटर-८ चे मूळ मात्र लायकाकडे जात नाही. ती लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी आखलेल्या झोनार लेन्सची रशियन आवृत्ती आहे. तिच्यात सहा भिंगे तीन गटांत चिकटवलेली असल्याने हवा आणि काच यांना वेगळे करणारे पृष्ठभाग कमी आहेत, आणि म्हणूनच एवढ्या जुन्या लेन्समधूनही काळा रंग बऱ्यापैकी काळा येतो.

या काळातले सर्वांत समाधान देणारे काम रेंजफाइंडर जुळवण्याचे होते, म्हणून ते तपशिलाने लिहितो. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून आपण थेट दृश्य पाहतो. दुसऱ्या खिडकीतून आलेली प्रतिमा आतल्या अर्धपारदर्शक आरशावरून वळून पहिल्या दृश्याच्या मधोमध एका फिकट ठिपक्यात पडते. लेन्स फिरवली की तिची मागची कड आतल्या दांड्याला ढकलते, दांडा आतील काच हलवतो आणि ठिपक्यातली प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर बरोबर आहे असे समजायचे. पण साठ वर्षे जुन्या कॅमेऱ्यात हे गणित किंचित ढळलेले असतेच, त्यामुळे फिल्म घालण्याआधी ते तपासणे भाग आहे.

झोर्की-४ चे पाठचे झाकण खालच्या पत्र्यासकट पूर्ण निघते, ही या कामातली मोठी सोय आहे. झाकण काढून फिल्म जिथे सपाट बसते त्या रुळांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवला, शटर 'बी' वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहते त्या खुणेवर) उघडे धरून ठेवले आणि कॅमेरा तिपाईवर लावून गच्चीवरून दूरच्या मोबाइल टॉवरकडे रोखला. लेन्स अनंतावर असताना कागदावर टॉवरच्या सळ्या भिंगातून अगदी रेखीव दिसल्या, म्हणजे लेन्स निर्दोष होती. परंतु रेंजफाइंडरमध्ये टॉवर दुहेरी दिसत होता. पुढच्या बाजूच्या एका लहान झाकण-स्क्रूच्या आत आडव्या जुळवणीचा स्क्रू असतो. तो घड्याळजीच्या पेचकसाने केसभर फिरवला की सावलीसारखी दुसरी प्रतिमा सरकताना दिसते आणि थोड्याच वेळात टॉवरच्या दोन सळ्यांची एक सळी होते. उभी तफावत लहान खिडकीतली काच फिरवून दूर होते. त्यानंतर एक मीटरवर वर्तमानपत्र लावून, फिल्मच्या प्रतलापासून टेपने अंतर मोजून, तीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागते, कारण दूरचे बरोबर आले म्हणजे जवळचेही बरोबर येईलच असे नाही. माझ्या कॅमेऱ्यात दोन्ही टोके जुळली. ज्यांना चष्मा आहे त्यांनी रिवाइंडच्या खुंटीखालचा छोटा दांडा आधी आपल्या डोळ्याला बसवून घ्यावा. तो चुकीच्या जागी असेल तर ठिपकाच पुसट दिसतो आणि दोष नसलेला रेंजफाइंडर सदोष वाटू लागतो.

झोर्कीत वेगाची चकती शटर भरल्यानंतरच, म्हणजे खुंटी फिरवून ते ताणल्यानंतरच, फिरवायची असते. आधी फिरवल्यास आतली यंत्रणा बिघडू शकते. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते. पण तिच्यामुळे चित्र काढल्याबरोबर पुढच्यासाठी शटर भरून वेग तपासण्याची सवय लागते आणि कॅमेरा नेहमी तयार राहतो.

फाल्गुन आणि चैत्रात मृगबहाराची संत्री बाजारात असतात. कळमन्याच्या बाजारात पत्र्याच्या उंच शेडखाली संत्र्यांचे ढीग लागतात आणि प्रकाश फक्त बाजूने येतो. प्रकाशमापकाविना काम करायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. बाहेर लख्ख ऊन असताना ४०० संवेदनशीलतेच्या फिल्मला (एचपी-५) एक पंचशतांश (१/५००) सेकंद आणि एफ १६ लागते; एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. शेडच्या कडेला, जिथे उन्हाचा उजेड आत येतो, तिथे एफ ४ लागते. आणि शेडच्या पोटात एफ ४ ठेवून वेग एक सव्वाशांशावर (१/१२५) आणावा लागतो. ज्युपिटरच्या छिद्राच्या कड्याला खटके नाहीत, ते सलग फिरते, म्हणून कडेवरून आत शिरताना चालता चालता बोटाने ते वळवून घ्यायचे आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावायचा. काळ्यापांढऱ्या फिल्मवर संत्रे आणि त्याचे पान जवळजवळ एकाच राखाडी छटेत उतरतात. नारिंगी फिल्टर लावला की फळ उजळते आणि पान गडद होते. ढिगातले प्रत्येक फळ सुटे दिसू लागते. त्या फिल्टरला दोन स्टॉप (चौपट प्रकाश) द्यावे लागतात, तेव्हा तो शेडच्या कडेपर्यंतच वापरावा. ज्युपिटर-८ ची फिल्टरची आटी ४०.५ मिलिमीटरची आहे.

तिथे एका हमालदादांनी कॅमेरा पाहून विचारले, "भाऊ, हा अजून चालते का?" मी म्हटले, "चालते ना दादा, याले सेलच लागत नाही." त्यांनी हात पुढे केला आणि खुंटी फिरवून शटर भरून पाहिले. पितळी चाकांचा तो ताण बोटांना कळला की समोरच्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. नंतर ते ढिगाशेजारी निवांत बसून राहिले आणि मला अडीच मीटरवरून त्यांची तीनचार चित्रे सावकाश घेता आली.

मे महिन्यात प्रश्न प्रकाशाच्या कमतरतेचा नसतो. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे आणि मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत आणि टोपीच्या, पदराच्या खाली गडद सावल्या पडतात. लख्ख उन्हाचा नियम (एफ १६ आणि फिल्मच्या संवेदनशीलतेएवढा वेग) या सावल्यांना काहीच देत नाही. म्हणून १२५ संवेदनशीलतेच्या एफपी-४ वर मी एक सव्वाशांश सेकंदाला एफ १६ ऐवजी एफ ११ ठेवतो आणि डेव्हलपिंगचा वेळ साधारण १५ टक्क्यांनी कमी करतो. सावलीला एक स्टॉप जास्त मिळतो आणि उजेडाची बाजू जळत नाही. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेल्या माणसांचे चेहरे या रीतीने प्रथमच माझ्या निगेटिव्हमध्ये पूर्ण उतरले.

याच उन्हाचा एक धोका सर्वांनी ध्यानात ठेवावा. रेंजफाइंडरमध्ये लेन्स आणि शटर यांच्यामध्ये आरसा नसतो. लेन्स अनंतावर, छिद्र पूर्ण उघडे आणि कॅमेरा गळ्यात सूर्याकडे तोंड करून राहिला, तर सूर्याची प्रतिमा थेट कापडी पडद्यावर पडते आणि पडद्याला टाचणीएवढे भोक पडू शकते. चालताना मी लेन्सचे झाकण लावतो. झाकण काढलेले असेल तर छिद्र एफ १६ वर आणि अंतर एक मीटरवर ठेवतो, म्हणजे सूर्याची प्रतिमा पडद्यावर एकवटत नाही. वर्षातून एकदा अंधाऱ्या खोलीत झाकण आणि लेन्स काढून, एका बाजूने टॉर्च धरून दोन्ही पडदे तपासावेत, शटर भरलेले असताना आणि सुटलेले असतानाही. माझे पडदे अजून धड आहेत.

डेव्हलपिंगसाठी डी-७६ हा डेव्हलपर तेवढ्याच पाण्यात मिसळून, एकास एक, वापरतो. एफपी-४ ला २० अंशांवर ११ मिनिटे लागतात. पण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात धरवणार नाही इतके तापलेले असते आणि २० अंशांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. खरे उत्तर स्वयंपाकघरातल्या माठात आहे. कोरड्या हवेमुळे माठातले पाणी मेमध्येही पंचविशीच्या आसपास राहते आणि बाहेरच्या टबात थोडा बर्फ टाकला की २४ अंश सहज मिळतात. त्या तापमानाला ११ मिनिटांचे पावणेआठ होतात आणि माझी १५ टक्के कपात धरली तर साडेसहाच्या थोडे वर. पाच मिनिटांच्या खाली वेळ जाऊ देऊ नये, कारण मग डेव्हलपर सगळीकडे सारखा पोहोचत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारे द्रावण), फिक्सर (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि धुण्याचे पाणी हेही २४ अंशांच्या जवळ असावे. थंड रसायनातून काढलेली फिल्म नळाच्या उकळत्या पाण्यात गेली तर तिचा जिलेटिनचा थर सुरकुततो. मृग लागल्यावर हवा दमट होते आणि माठ पूर्वीसारखे पाणी गार करत नाही. मात्र तेव्हा टाकीचे पाणीच उतरलेले असते. शेवटची विसळणी मी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळू देणाऱ्या द्रावणाचे) दोन थेंब टाकून करतो, त्यामुळे क्षारांचे डाग राहत नाहीत.

मधल्या काळात एका स्नेह्यांनी त्यांचा १९५४ सालच्या बनावटीचा लायका एम-३ एका दुपारपुरता दिला. त्याच्या रेंजफाइंडरचा पाया, म्हणजे दोन खिडक्यांमधले अंतर, ६८.५ मिलिमीटर आणि व्ह्यूफाइंडरचे आवर्धन ०.९१ आहे; झोर्की-४ चा पाया ३८ मिलिमीटरचाच आहे. पाया जितका लांब तितकी दोन प्रतिमांची तफावत ठळक, आणि हा फरक एफ २ वर, दीड मीटरवरच्या माणसाच्या पापण्यांवर फोकस करताना लगेच जाणवतो. एम-३ मध्ये चौकटीच्या पांढऱ्या रेषा असतात आणि त्या अंतराप्रमाणे सरकून दृष्टिभेद (व्ह्यूफाइंडर आणि लेन्स यांच्या दृश्यातला फरक) सुधारतात. चौकटीबाहेरून येणारा माणूस आत शिरण्यापूर्वीच दिसतो. झोर्कीत रेषा नाहीत, व्ह्यूफाइंडर म्हणजेच चौकट. परंतु त्यातून दिसणारे दृश्य जवळजवळ उघड्या डोळ्याला दिसते तेवढेच मोठे असल्याने दुसरा डोळा उघडा ठेवता येतो आणि बाहेरचे त्या डोळ्याने टिपता येते. शटर उघडताना दृश्य काळे होत नाही, हे सुख दोन्हींत सारखेच आहे.

या सगळ्याची कसोटी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीत लागली. इतवारीच्या गल्ल्यांत काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, पाठोपाठ बडगे (दुसरे पुतळे) येतात आणि 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' या गजरात पाऊल टाकायला जागा उरत नाही. आभाळ भरलेले होते, त्यामुळे एचपी-५ वर एक अडीचशांश (१/२५०) सेकंद आणि एफ ८ कायम ठेवले आणि अंतर तीन मीटरवर बांधून टाकले. या छिद्राला सव्वादोन मीटरच्या थोडे पुढून सव्वाचार मीटरच्या थोडे अलीकडेपर्यंतचे सर्व रेखीव येते. त्यानंतर फोकसचे कडे फिरवायचेच नाही. माणूस तीन पावलांवर आला की बटण. डावा डोळा उघडा असल्याने खांद्यावर बसलेले एक पोर काळ्या मारबतीकडे हात लांबवत बाजूने येताना आधीच दिसले, आणि त्याची बोटे तिच्या साडीच्या काठाला लागली त्या वेळी ते चौकटीत पुरते आले होते. निगेटिव्हमध्ये त्या काळ्या साडीच्या घड्याही मोजता येतात.

पुढचे काम लेन्सचे आहे. झोनार पद्धतीच्या लेन्समध्ये छिद्र लहान केले की फोकस किंचित मागे सरकतो. माझी जुळवणी एफ २ वर झालेली असल्याने एफ २.८ आणि एफ ४ वर, एक ते दोन मीटरच्या टप्प्यात, किती फरक पडतो हे तिरकी ठेवलेली मोजपट्टी टिपून पाहायचे आहे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत संध्याकाळी हीच छिद्रे लागतील, तेव्हा चाचणी त्याआधी उरकतो आणि तिचे निकाल पुढच्या नोंदीत देतो.