गुंतवणूक लवाद : घोडं अडतं ते कागदपत्रांच्या तक्त्यावर

परदेशी कंपनी गुंतवणूक संरक्षण कराराखाली सरकारवर लवादापुढे, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या निवाडा करणाऱ्यांपुढे, दावा लावते, तेव्हा बाहेर चर्चा होते ती भरपाईच्या आकड्यांची. मी सरकारी बाजूची कागदपत्रं जमवण्याचं काम करतो. सुनावणीच्या बरंच आधी, समोरची बाजू कागद मागते त्या टप्प्यावरच खटला घसरायला लागतो, हा माझा पक्का अनुभव आहे. आणि दर वेळी तेवढाच संताप होतो.

सुरुवातीचे टप्पे सरळ असतात. वादाची सूचना येते, मग बहुतेक करारांत तीन ते सहा महिने तडजोडीसाठी असतात, त्यानंतर लवादाची नोटीस. अन्सिट्रालच्या (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या) नियमांखाली नोटिशीला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. समोरच्याने त्याचा लवाद नेमल्याचं कळवलं की आपल्याला आपला नेमायलाही ३० दिवस. ती मुदत हुकली तर आपल्या वाट्याचा लवाद त्रयस्थ संस्था नेमू शकते. एवढ्या तारखा सांभाळल्या की हा भाग पार पडतो.

मग येतो रेडफर्न तक्ता, म्हणजे समोरच्या बाजूकडे कागद मागण्याचा ठरावीक नमुना. पहिल्या रकान्यात मागितलेला कागद किंवा कागदांचा नेमका गट, दुसऱ्यात तो खटल्याला का लागतो, तिसऱ्यात आपली हरकत, चौथ्यात त्यांचं उत्तर, आणि शेवटचा रकाना लवाद मंडळाच्या आदेशासाठी. हरकती भरायला बहुधा दोन ते चार आठवडेच मिळतात.

एक ओळ नमुन्यादाखल घ्या : ‘परवाना रद्द करण्याच्या आदेशाआधीच्या ९० दिवसांत उद्योग आणि पर्यावरण विभागांमध्ये झालेल्या बैठकींची इतिवृत्तं, टिपण्या व ई-मेल.’ विभागाकडून एका शब्दात उत्तर येतं, ‘निरंक’. ते तसंच पुढे जातं. काही महिन्यांनी आपल्याच अधिकाऱ्याच्या साक्षीत वाक्य निघतं, ‘१२ तारखेच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे...’ समोरचा वकील उलटतपासणीत ती साक्ष आणि तो ‘निरंक’ शेजारी शेजारी ठेवतो. आयबीएच्या (आंतरराष्ट्रीय वकील संघटनेच्या) पुरावाविषयक नियमांप्रमाणे, समाधानकारक कारण न देता कागद दडवला तर तो त्या बाजूच्या विरोधातच असणार, असा निष्कर्ष मंडळ काढू शकतं.

विभाग मुद्दाम खोटं बोलतो असं बहुतेक वेळा नसतं. शोध घेतला जातो तो फक्त विषयाच्या नावाच्या मुख्य फाइलमध्ये. कागद मात्र जोडफाइलमध्ये, लेखापरीक्षणाच्या उत्तरात किंवा बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या मेलमध्ये पडलेला असतो. म्हणून फाइल मागवू नका, आधी नोंदवह्या मागवा. एका कार्यालयाचा जावक क्रमांक दुसऱ्याच्या आवक नोंदीशी जुळवा. जिथे जुळत नाही तिथे कागद हरवलेला आहे, आणि तो हुडकायला माणूस प्रत्यक्ष पाठवावा लागतो. स्मरणपत्रांनी काही हाती लागत नाही.

‘तो आमचा विषय नाही, नगरपालिकेचा आहे’ हे उत्तर तर स्वीकारूच नका. मेटालक्लॅड या अमेरिकी कंपनीच्या मेक्सिकोविरुद्धच्या खटल्यात बांधकाम परवाना ग्वादालकासारच्या नगरपालिकेने नाकारला होता. २००० साली १ कोटी ६६ लाख ८५ हजार डॉलरची भरपाई मात्र देशावर बसली. नगरपालिकेची कृती देशाची धरली जाते, मग तिचे कागदही देशाचेच.

दुसरा त्रास ‘गोपनीय’ या शिक्क्याचा. अख्खा गठ्ठा गोपनीय म्हणून हरकत घेतली की ती सहसा फेटाळली जाते. वकिलाशी झालेला सल्ला, व्यापारी गुपित, विशेष राजकीय किंवा संस्थात्मक संवेदनशीलता ही कारणं नियमांत आहेत, पण ती कागदागणिक मांडावी लागतात : तारीख, कोणी कोणाला लिहिला, कागदाचा प्रकार, कारण. संवेदनशील परिच्छेदावर काळी पट्टी मारून बाकीचं पान द्या. अशी यादी नीट असली की मंडळही ऐकून घेतं, आणि तेव्हा खरंच हायसं वाटतं.

आधी सांगायचं राहिलं : वादाची सूचना आली त्याच दिवशी जुने कागद नष्ट करणं थांबवण्याचा लेखी आदेश काढा. नाहीतर मुदत संपलेले दप्तर रद्दीत काढण्याचं नेहमीचं काम सुरूच राहतं आणि नंतर तो पुरावा लपवल्याचा आरोप होतो.

हा तक्ता सरकारलाही कंपनीविरुद्ध वापरता येतो. शेअर हस्तांतरणाच्या तारखा, संचालकांचे ठराव, कर सल्लागारांची टिपणं जरूर मागा. ऑस्ट्रेलियाने सिगारेटच्या साध्या वेष्टनाचा निर्णय एप्रिल २०१० मध्ये जाहीर केला आणि फिलिप मॉरिस एशिया या हाँगकाँगच्या कंपनीने समूहातल्या ऑस्ट्रेलियन सिगारेट कंपनीचे शेअर घेतले ते फेब्रुवारी २०११ मध्ये, आणि मग कराराखाली दावा लावला. वाद दिसत असताना कराराचं संरक्षण मिळवायला शेअर घेतले म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये मंडळाने तो दावा हक्काचा गैरवापर ठरवून अधिकारक्षेत्राच्या पायरीवरच बाद केला. यात सगळं तारखांवर ठरलं.

‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. वॉशिंग्टनच्या इक्सिड (जागतिक बँक गटाचं गुंतवणूक वाद केंद्र) व्यवस्थेत निवाडा रद्द करण्याचा अर्ज १२० दिवसांत करता येतो, पण तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही. नवी वस्तुस्थिती सापडली म्हणून फेरविचार मागता येतो, मात्र ती आधी माहीत नव्हती यात आपला निष्काळजीपणा नव्हता हे दाखवावं लागतं. आपल्याच कपाटातून निघालेल्या कागदाबाबत हे पटवणं फार अवघड जातं.