आईच्या बांगडीतली पिन

परवा दुपारी सोसायटीच्या गेटपाशी एक पोरगा स्कूटरला किका मारून मारून घामाघूम झाला होता, वॉचमन खुर्चीतूनच चोक दे, चोक दे करत होता, आणि मला एकदम बाबांची स्कूटर आठवली. आधी डावीकडे आडवी करायची, मग सरळ, मग चार किका, तरी ढिम्म, की बाबा रस्त्याकडेला उकिडवे बसून प्लग काढायचे आणि मान वर न करता नुसता हात मागे करायचे. आई बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्या हातावर ठेवायची. काजळी खरवडायची, एक फुंकर, प्लग परत घट्ट. सगळं मुक्यानेच.

पिनेवरून मला नेहमी बर्था बेन्झ आठवते. पहिली गाडी कुणाची यावर भांडणारे भांडोत, पॅरिसात 1770 च्या सुमारास कुन्यो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने तोफा ओढायची वाफेवरची गाडी केलीच होती, पण ती जरा चालली की थांबून दम खायची. बर्थाचं तसं नाही. नवऱ्याने, कार्ल बेन्झने, 1886 ला तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं पण गिऱ्हाईक कुठंय, आणि हिच्या हुंड्याचा पैसा कारखान्यात गेलेला! मग 1888 च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, शंभरेक किलोमीटर. माहेरी निघालेल्या बाईला कोण अडवणार म्हणा. पेट्रोल पंप नव्हतेच, विसलोखला औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, म्हणजे डाग काढायचं द्रव. चढ आला की पोरं ढकलायची. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं, ब्रेक लायनिंगच की ते. वायरला मोज्याचा गार्टर गुंडाळला. आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीतली पिन काढून नळी मोकळी केली. पोचल्यावर नवऱ्याला तार. ती वाचताना कार्लरावांचा चेहरा बघायला मजा आली असती.

गेटवरच्या पोराचं पेट्रोल संपलेलं निघालं.

आमची आई मात्र ती स्कूटर कधी शिकली नाही. मागे बसायची, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर भाजीची पिशवी. शिकायचंय का असं तिला कुणी विचारल्याचं आठवत नाही. मीही नाही विचारलं.