सतराच्या सतरा गुण त्याचेच, तरीही

लंडनमध्ये एका छोट्या कंपनीत मी रग्बीचे सामने कोड करते. म्हणजे व्हिडिओ थांबवत थांबवत पास कुणी दिला, किक कुणी मारली, टॅकल कुणी चुकवला, सगळं टिपायचं. त्या सोमवारी समोर कलकत्ता कपचा, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडचा, सामना होता. (कप खरोखरच कलकत्त्याचा. तिथला क्लब बंद पडल्यावर उरलेले चांदीचे रुपये वितळवून 1878 मध्ये घडवलेला. मुठींना नाग, झाकणावर हत्ती. ऑफिसात हे बहुतेकांना ठाऊक आहे, पण दरवर्षी ऐकवायची हौस माझीच.)

5 फेब्रुवारी 2022 ला मरेफील्डवर स्कॉटलंडने इंग्लंडला 20-17 हरवलं होतं. इंग्लंडचे सगळे गुण दहा नंबरच्या (फ्लाय-हाफ, संघाची चाल ठरवणारा) मार्कस स्मिथचे: एक ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की पाच गुण), चार पेनल्टी किक (प्रत्येकी तीन). वय 22, सिक्स नेशन्समधला (युरोपातल्या सहा संघांची स्पर्धा) पहिलाच सामना. 17-10 ने पुढे असताना प्रशिक्षक एडी जोन्सनी त्याला काढून जॉर्ज फोर्डला आणलं. थोड्याच वेळात इंग्लंडच्या ल्यूक काउअन-डिकीने चेंडू मुद्दाम बाहेर ढकलला, स्कॉटलंडला पेनल्टी ट्राय (थेट सात गुण) मिळाला, काउअन-डिकीला वर यलो कार्ड, आणि मग स्कॉटलंडच्या फिन रसेलच्या पेनल्टीने निकाल लागला. रविवारभर एकच ओरड: पोराला काढलं म्हणून हरले.

आमचा बॉस जुना वेल्श हुकर (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला खेळाडू), कान चुरगळलेले. म्हणाला, "एका पानात लिहून दे. हा स्मिथ या पातळीवर तयार होतोय की नाही?"

मी सतरा गुण आधीच बाजूला ठेवले. पेनल्टी बहुतेकदा फॉरवर्ड्सच्या (पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांच्या) घामाने मिळतात, दहा नंबर त्या वसूल करतो. मग गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्याचं फूटेज लावलं. स्क्रमहाफच्या (नऊ नंबर, दहाला चेंडू देणारा) हातून चेंडू सुटला की फ्रेम थांबवायची. दहा नंबर किती मागे उभा आहे, पाय कुठल्या दिशेला वळलेत, आजूबाजूला कोण जीव तोडून धावतोय आणि कोण नुसता दाखवायला, हे आधी लिहायचं. त्याने काय केलं ते नंतर बघायचं. निकाल आधी कळला की डोळे सोयीचं तेवढंच बघतात.

नंतर शेजारच्या स्क्रीनवर स्मिथच्या क्लबचे, हार्लेक्विन्सचे, सामने लावले. 2021 च्या जूनमध्ये एक्सेटरला 40-38 हरवून त्यांनी इंग्लंडची क्लब लीग, प्रीमियरशिप, जिंकली, त्या संघाचा दहा नंबर हाच. तिथे त्याच्या आत स्क्रमहाफ डॅनी केअर आणि बाहेर, बारा नंबरवर, आंद्रे एस्टरहाइझेन. हा आफ्रिकन गडी सरळ अंगावर येणार म्हटल्यावर बचावातले दोघं जागेवर खिळतात, आणि स्मिथला लागते तेवढी फट मिळते. मरेफील्डवर ओवेन फॅरेल दुखापतीमुळे नव्हता, धडकणारा सेंटर मनू टुइलागीही नव्हता. बारावर हेन्री स्लेड, उत्तम पासर, पण भिंत फोडणारा नव्हे. पोरगा तोच, उड्या मारत येणारी पावलं तीच, पण समोरचे कुणाच्या धाकाने थांबणार?

मी लिहिलं: बारा नंबरला धडकणारा गडी देऊन पुन्हा पाहा, तोवर मत राखून ठेवा.

बॉस वैतागला. "क्लायंटने मत राखून ठेवायला पैसे दिलेत का? आणि चांगला दहा नंबर कमी माणसांतही फट काढतो."

दुसरं वाक्य मला पटलं, म्हणून तेही पानावर घातलं. पहिल्यावर आम्ही दुपारभर भांडलो.

मार्च 2023 मध्ये फ्रान्सने इंग्लंडला ट्विकनहॅमवर 53-10 धुतलं, तेव्हा दहावर स्मिथच होता. वर्षभराने आयर्लंडला शेवटच्या क्षणी 23-22 हरवलं, तो ड्रॉप गोलही (खेळ चालू असताना मारलेली, तीन गुणांची किक) त्याचाच. दोन्ही सोमवारी ऑफिसात ते पान निघालं. पहिल्यांदा बॉसने काढलं, दुसऱ्यांदा मी.