आजोबांचा फोटो आणि 'अंकाची तारीख'

माझे आजोबा बारशी लाइट या छोट्या रेल्वेवर फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, कुर्डुवाडीला. 1954 ला कंपनी गेली नि सरकार आलं, त्याच वर्षी पंढरपूरच्या गर्दीचा फोटो पेपरात आला होता आणि त्यात इंजिनाच्या पायरीवर आजोबा उभे आहेत, हे घरात लहानपणापासून ऐकतोय. कात्रण मात्र कुणाकडेच नाही.

ऑनलाइन शोधलं तर त्या लाइनीवरची किटसन कंपनीची इंजिनं भरपूर सापडली, नंबरासकट. माणसं नाहीत.

मग मुंबईतली एक जुनी लायब्ररी गाठली. ओळखपत्र, फी वगैरे अर्ध्या तासात झालं आणि अडकलो कुठे तर फॉर्ममधल्या एका रकान्यात, 'अंकाची तारीख'. म्हटलं साहेब तारीखच शोधायला आलोय. ते म्हणाले, तारीख असल्याशिवाय रीळ (जुन्या अंकांची मायक्रोफिल्म) निघत नाही. '1954' लिहिलं, फॉर्म परत. 'जून ते ऑगस्ट' लिहिलं, परत. 'कारण' मध्ये 'घरगुती' लिहिलं तर म्हणे संशोधन लिहा, संशोधन लिहिलं तर गाइडचं पत्र आणा!! चार खेपा झाल्या, प्रत्येक वेळी सोलापूरहून रात्रीची गाडी, आणि समोरचा माणूस दर वेळी तोच फॉर्म नव्याने वाचल्यासारखा वाचायचा.

शेवटी सुटलं ते आजीमुळे. ती नव्वदीची, तिच्याकडे तारखा नाहीतच, तिथ्या आहेत. म्हणाली, "आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीला (म्हणजे द्वादशीला, गावाला नव्हे), माझा उपास सुटायचा होता न हे आलेच नाहीत." जुनं पंचांग काढलं, त्या साली एकादशी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. रकान्यात '10 ते 20 जुलै' लिहिलं आणि काय आश्चर्य, चाललं.

रीळ फिरवलं, पान सापडलं, आणि फोटोच्या जागी काळा डाग. मायक्रोफिल्म काढतात ती अक्षरं वाचता यावीत म्हणून, त्यात करडे रंग जातात, चेहऱ्याचं डांबर होतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी मूळ छापील अंकांची बांधीव फाईल मागितली असती. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे पाच आठवडे (कागदाचा तुकडा पडतो म्हणून सहजी देत नाहीत, ते मात्र खरंय, पडतो).

बरं, कॉपीराइट सरलाय असं धरून चालू नका, आधी विचारून घ्या. पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. स्कॅन करू देत असतील तर 600 डीपीआयला करा. मला नाही दिलं, मोबाइलवरच काढला, फ्लॅश बंद करून.

घरी आजीला दाखवला. जवळून नुसते ठिपकेच दिसतात, म्हणून मोबाइल हातभर लांब धरला. बराच वेळ बघून म्हणाली, "टोपी घालून जा म्हटलं होतं ह्यांना."

चौथ्या फॉर्मची पोच अजून मिळालेली नाही.