गोड्या पाण्याचा एक पंप

आमच्याकडे गाडी धुणं हा पाण्याचा प्रश्न आहे, आणि पाण्याचा प्रश्न म्हटला की तो थेट मायजवळ जातो.

गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला हा पट्टा. जमिनीत पाणी आहे, पण जिभेवर ठेववत नाही. म्हणून घरात दोन पाणी नांदतात: बोअरचं खारं आणि शहानूर धरणावरून नळाला येणारं गोडं. खारं वापरायला, गोडं प्यायला. कोणता गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, कधी भरला, कोणता आधी रिता करायचा, हा सगळा हिशेब मायच्या डोक्यात असतो. मी दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाडी धुवायला काढतो आणि तिच्याकडे दोन बादल्या गोडं पाणी मागतो. दरवर्षी तेच उत्तर.

"गाडीले काय तहान लागते काय रे?"

तिला समजावणं कठीण आहे. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, नासलेल्या दुधासारखी साय फुटते. गाडी धुऊन होते, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. पांढऱ्या रंगावर एक वेळ खपून जातं, पण काचेवर तांदळाचं पीठ शिंपडल्यासारखे ठिपके उमटतात. उन्हात धुतली तर ते ठिपके पक्के बसतात. मग व्हिनेगर पाण्यात कालवून पुसत बसा. म्हणून मी सकाळी सातच्या आत, कडुनिंबाच्या सावलीत सुरुवात करतो. शेजारचे काका दात घासता घासता विचारतात, "काऊन बे, गाडीचं लगन हाय काय?"

गाडी २०१४ सालची, पांढरी. कपाशीच्या काळ्या रानात राहून पांढरी गाडी घेणारा माणूस एक तर आशावादी असतो किंवा त्यानं शोरूममध्ये नीट विचार केलेला नसतो. मी दुसऱ्या प्रकारातला. आमची माती ओली असली की सरेस आणि वाळली की दगड. पावसाळ्यात पांदणीनं शेतातून डांबरी सडकेपर्यंत चालत यावं, तर चपलेखाली मातीचे थर बसून माणूस चार बोटं उंच होतो. ती सगळी उंची मग गाडीत पायाखाली उतरते. चाकांवरच्या मडगार्डच्या पोकळीत तर तिचे पोळे बसलेले असतात. कोरडं खरवडायचं नाही, हे मी अनुभवानं शिकलो. रंगाचे सगळे थर मिळून जेमतेम १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीएवढे. कोरड्या फडक्यानं माती पुसणं म्हणजे गाडीला पॉलिश पेपर मारणं. आधी खारं पाणी मारून अर्धा तास भिजू द्यायची, आणि मग पोकळीतली माती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाच्या, काडीनं काढायची. लोखंडापेक्षा पऱ्हाटी बरी. ती आधी मोडते, पत्र्याला ओरखडा पडत नाही.

यंदा खरा मुद्देमाल मात्र आत निघाला. मागच्या सीटखालचं रबरी मॅट उचललं तर सोयाबीनची पाच-सहा रोपं. उजेड न मिळाल्यानं सुतळीसारखी लांब, पिवळी, आणि आता वाळून गेलेली. जूनमध्ये बियाण्याची पिशवी आणताना दाणे सांडले असणार. पण पाणी कुठून आलं? शोधत शोधत बोनेटपर्यंत पोचलो. वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाची पानं कुजून त्यांचा लगदा झालेला. काचेवरचं पावसाचं पाणी त्या जाळीतून खाली वाहून जायला हवं. वाट बुजली म्हणून ते बिचारं आत आलं. दोन मुठी लगदा काढला आणि तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, तर चाकामागून धार लागली. एवढ्याशा गोष्टीचा इतका आनंद व्हावा, हे जरा लाजिरवाणंच आहे.

राग मात्र त्या रोपांचा आला. त्याच पिशवीतलं बियाणं शेतात पेरलं तर धड उगवलं नाही, दुबार पेरणी करावी लागली. आणि गाडीत, मॅटखाली, अंधारात, फुकटात उगवण! रोपं फेकवेनात. थोडा वेळ बोनेटवर मांडून ठेवली. काकांनी पाहिली आणि म्हणाले, "पुढच्या साली गाडीतच पेर."

बाकीचं किरकोळ होतं. एक झिजलेलं दहा रुपयांचं नाणं, बाजार समितीची काटापट्टी, गेल्या दसऱ्याच्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि इंजिनाशेजारी उंदरानं जमवलेली सरकीची टरफलं. वायर कुरतडलेली नव्हती. उंदराचे उपकार.

शेवटच्या धुण्याला यंदा युक्ती सुचली. रब्बीसाठी नवा फवारणी पंप आणलाय, पाठीवरचा, १६ लिटरचा, अजून औषधाचा थेंबही न पाहिलेला. मायला म्हटलं, दोन बादल्या नको, एक पंप दे. तिनं पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या गुंडाकडे मान हलवली. बारीक नोझल, बॅटरीची एकसारखी फवार. छतापासून सुरुवात करून काचा, बोनेट, दारं, सगळी गाडी निघाली. चाकांपर्यंत येता येता पंप गुरगुरला आणि हवा ओकू लागला. चाकं खाऱ्यावरच राहिली.

दसऱ्याला सकाळी पूजेला माय आली. ताटात हळद, कुंकू, आपट्याची पानं, झेंडूचा हार. उजव्या हाताला तांब्या. बोनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला आणि वाकून पुढच्या डाव्या चाकावर अख्खा तांब्या रिता केला. मी पाहतच राहिलो. "माय, हे तं गोडं होतं!"

"मंग? पूजेले काय खारं देतेत?"

आज चार दिवस झाले. तीन चाकांवर पांढरी कडी उमटली आहेत. चौथं स्वच्छ आहे.